ब्लॉग आणि ऑनलाइन माध्यमांशी पारंपरिक पत्रकारिता कशी जुळवून घेत आहे?

सर्वांत मोठा बदल बातमीच्या वेळेत झाला आहे. पूर्वी पान छपाईला गेले की बातमीत बदल होत नसे. आता ‘द गार्डियन’सारखी वृत्तपत्रे मोठ्या घटनेचा लाइव्ह ब्लॉग चालवतात, ज्यात थोड्या थोड्या वेळाने नवी नोंद पडते, मूळ कागदपत्राचा दुवा देता येतो आणि चुकलेला तपशील उघडपणे दुरुस्त करता येतो. ही उघड दुरुस्ती मला वेगापेक्षाही मोलाची वाटते. उत्पन्नाचा प्रश्न मात्र बिकट आहे. छापील जाहिराती घटल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये ऑनलाइन वाचनासाठी वर्गणी लागू केली, तर ‘द इंडिपेंडंट’ने २०१६ मध्ये छापील अंक थांबवून केवळ ऑनलाइन राहणे पसंत केले. लहान स्थानिक वृत्तपत्रांना यांपैकी कोणताही मार्ग सहज परवडत नाही, आणि खरी काळजी त्यांचीच आहे.