जन्मगावी परतताना

प्रश्न : वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले पोलिश निर्वासित पुढे उतारवयात कोल्हापूरला आवर्जून भेट देऊन गेले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेली ज्यू कुटुंबे आपल्या जन्मगावी परतली का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कायमचे परतणारे थोडेच; भेटीपुरते जाणारे मात्र पुष्कळ होते. वळिवड्याशी तुलना करताना एक भेद लक्षात ठेवावा : तिथे आसरा मिळाला होता, तर इथे स्वतःच्याच गावाने पाठ फिरवली होती. नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेतील कलम ११६ नुसार त्यांना व त्यांच्या वंशजांना ते नागरिकत्व अर्ज करून परत मिळवता येते, आणि हा हक्क आजही लागू आहे. पुढे बर्लिनसह अनेक शहरांनी आपल्या जुन्या नागरिकांना खर्चासह निमंत्रणे दिली. उशिरा का होईना, हे योग्यच झाले, असे आम्ही मनापासून मानतो. तरीही बालपणीच्या घरात अनोळखी कुटुंब नांदताना पाहणे अनेकांना असह्य झाले असणार. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या उपक्रमात अशा घरांसमोरच्या पदपथावर नावे कोरलेल्या लहान पितळी फरशा बसवल्या जातात. त्यांत मारल्या गेलेल्यांबरोबर देश सोडून वाचलेल्यांचीही नावे असतात.