कुड्याच्या सालीतील कोनेसीन आणि उडालेली झोप

कुड्याच्या सालीतील कोनेसीन आवेच्या अमीबावर चालते, तर त्याच्या गोळ्या आज का मिळत नाहीत, आणि या सालीचा काढा सुरू केल्यापासून वडिलांची झोप उडाली आहे त्याचा याच्याशी संबंध असेल का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असू शकते: कोनेसीनचा मेंदूवर होणारा परिणाम.

कोनेसीन हे स्टेरॉइडच्या सांगाड्यावर बेतलेले अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त, शरीरावर परिणाम करणारे द्रव्य) असून १८५८ साली हेन्स यांनी ते सालीतून वेगळे काढले. सालीतील अल्कलॉइडे पुढे कुर्ची (म्हणजे कुडा) बिस्मथ आयोडाइड या औषधाच्या रूपात अमीबाच्या आवेवर दिली जात. शुद्ध कोनेसीन दिल्यावर मात्र काही रुग्णांना निद्रानाश, बेचैनी आणि क्वचित भ्रमही होऊ लागला. याचे कारण त्याच्या रेणूत आहे: तो चरबीत सहज विरघळतो, त्यामुळे रक्तातून मेंदूत चटकन शिरतो आणि तिथून सावकाश बाहेर पडतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो हिस्टामिन या मेंदूला जागे ठेवणाऱ्या रसायनाच्या एच-३ ग्राहींना (पेशींवरील संदेश घेणाऱ्या रेणूंना) घट्ट बिलगून त्यांचे काम अडवतो, असे दिसले. हे ग्राही मेंदूतील हिस्टामिनच्या स्रवण्याला आवर घालतात. तो आवर सुटला की हिस्टामिन वाढते आणि माणूस जागा राहतो. अॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी झोप येते, कारण त्या एच-१ ग्राही अडवतात. इथे परिणाम नेमका उलट होतो. दिवसा अनावर झोप येणाऱ्यांना आज दिले जाणारे पिटोलिसंट याच एच-३ ग्राहींवर काम करते. मला या अल्कलॉइडाची ही बाजू सर्वांत मोलाची वाटते.

काढ्यात अर्थातच शुद्ध औषधाइतके कोनेसीन उतरत नाही, आणि जुलाब आटोक्यात येण्यात सालीतील तुरट टॅनिनांचाही वाटा असतो. म्हणून झोपेचे खापर लगेच काढ्यावर फोडू नका. रात्री पोटात येणारा मुरडाही झोपमोड करतो.

साल कुठल्या झाडाची आहे, हे मात्र आधी पाहा. कोनेसीन पांढऱ्या कुड्यात असते, काळ्या कुड्यात नाही, आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ होते. झाड समोर असेल तर शेंगा बघाव्यात: दोन्हींच्या जोडीने लागतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. चूर्ण हातात असेल तर हे ओळखणे डोळ्यांच्या आवाक्यातले नाही.

तूर्त काढा थांबवून वडिलांची शौचतपासणी करून घ्या आणि काढा चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अमीबा सापडलाच तर मेट्रोनिडाझोल आणि त्यानंतर आतड्यातील उरलेल्या अमीबांसाठी डायलॉक्सानाइड, असा उपचार आज उपलब्ध आहे.