न जगलेलं लिहावं का?

बिनधास्त लिही. ऊसतोड मजुरांवर कादंबरी लिहायला स्वतः कोयता चालवलेला असलाच पाहिजे, असं मी मानत नाही. पण ऐकीव माहितीवर भागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडची माणसं साखर कारखान्यांच्या तळांवर उतरतात, तिथे जाऊन बस. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटते का, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशांत बाजार कसा भागतो, पहाटे उसाच्या फडात जाताना तान्ह्या पोराला कुठे निजवतात, हे तिथल्या बायांनाच विचार. वही लगेच काढू नकोस, आधी ओळख होऊ दे. भूक, अपमान, लेकराची काळजी तुलाही ठाऊक आहे; तिथे स्वतःवर विसंब. पहिला खर्डा त्यांच्यातल्याच कुणाला तरी वाचून दाखव आणि त्यांना खटकेल ते वाक्य, कितीही आवडतं असलं तरी, काढून टाक.