टेकडीवर लावायला देशी झाडांचं बी कुठून आणि किती जमवावं?

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या मागच्या उघड्या टेकडीवर येत्या जूनला हजारभर देशी झाडं लावायची आणि त्यासाठी मे महिन्यात सगळ्यांनी मिळून बी गोळा करायचं, असा तुमचा बेत आहे. उत्साह चांगला आहे, पण हिशोब जुळत नाही. मेमध्ये वेचलेल्या बियांची रोपं त्याच जूनमध्ये टेकडीवर तग धरण्याइतकी होत नाहीत. निदान वर्षभराचं रोप हवं. म्हणजे यंदा फक्त बी आणि रोपवाटिका, लागवड त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.

सगळी मदार कॅलेंडरवर आहे. ऐन आणि बेहडा या झाडांचं बी हिवाळ्यात तयार होतं. करंज, पळस, काटेसावरीचं उन्हाळ्यात. नीट वाळवून ठेवलं तर यातलं बरंचसं बी पावसापर्यंत थांबतं. जांभूळ, मोह, कुंभा मात्र थांबत नाहीत. ही फळं पावसाच्या तोंडावरच पिकतात आणि बी सुकलं की मेलं. रोपांच्या पिशव्या आधीच मातीने भरून ठेवायच्या, गर धुवायचा आणि दोन-चार दिवसांत पेरून मोकळं व्हायचं.

काटेसावरीची बोंडं तपकिरी व्हायला लागली की उकलायच्या आधीच उतरवा आणि कापडी पिशवीत घालून उन्हात ठेवा. एक दिवस उशीर झाला की कापूस बियांसकट शेजारच्या सोसायटीत. बहाव्याची शेंग मोडून बघा: आत चकत्यांसारखे कप्पे, प्रत्येकात चिकट काळा गर आणि एकेक गुळगुळीत बी. बारीक गोल भोक दिसलं तर कीड आत जेवून गेलेली आहे, ते फेका. चांगल्या बियांची टोकं सॅंडपेपरवर घासा, नाहीतर टणक सालीमुळे महिनोन्‌महिने ढिम्म हलत नाहीत.

आकड्यांचं म्हणाल तर उलटं मोजा. ४०० करंज हवेत, उगवण निम्मी धरली आणि रोपवाटिकेत पाचातलं एक मरेल असं धरलं, तर १,००० बिया लागतील. त्या एकाच लगडलेल्या झाडाखालून वेचायचा मोह होतो. तो टाळा. एकमेकांपासून लांबची पंधरा-वीस झाडं हेरा, प्रत्येकाचं थोडंथोडंच घ्या, बाकीचं पाखरांना आणि जंगलाला. आंध्रातून ट्रकने येणारं रोप दिसायला टवटवीत असतं, पण चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं हे आपलं गणित इथल्याच झाडांच्या बियांना जास्त पाठ असतं. (सीड बॉल, म्हणजे मातीत बी घालून वळलेले गोळे, टेकडीवर भिरकावण्याच्या फोटोंचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. बरंचसं बी त्यात वायाच जातं.)

शेजारच्या येऊरच्या जंगलातून वेचू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय तिथून काही उचलता येत नाही. रस्त्याकडेची, शेताच्या बांधावरची, देवळाजवळची झाडं बघा, मालकाला विचारा. मुरबाड, शहापूरकडच्या ठाकूर-कातकरी बायकांना कुठलं झाड यंदा लागलंय हे आपल्यापेक्षा नेमकं माहीत असतं. त्यांच्याकडून बी घ्याल तर रोख आणि बऱ्या भावाने घ्या.

टेकडीला दर उन्हाळ्यात वणवा लागतो का, तेवढं कळवा. लागत असेल तर यादीत पळस, कुंभा, ऐन वाढवा, हे जळूनही पुन्हा फुटतात, आणि जांभूळ ओढ्याकाठापुरतंच ठेवा.