कचरागाडीवरचा ग

या वेळी लहान मुलांची अक्षरं, वाचन आणि बोलणं याबद्दल आलेली पाच पत्रं घेतली आहेत. पाचही घरांत मूल दोन ते चार वर्षांचं आणि मोठी माणसं घाबरलेली. नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत. इंदूरची मराठी मंडळी एकमेकांना इतकी धरून आहेत की नुसतं आडनाव छापलं तरी सासूपर्यंत पोचतं.

मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा, क ते ज्ञ घडाघडा म्हणतो, एबीसीडीही म्हणतो. मी भिंतीवर दोन तक्ते लावलेत, रोज संध्याकाळी पट्टी घेऊन एकेक अक्षर दाखवते. ही ‘क कमळाचा’ एवढं म्हणते आणि पळते. आम्ही मागे पडलो का?
— एक आई, सुदामा नगर

आधी ती पट्टी कपाटात ठेवा. तुम्ही मारत नाही हे मला कळतंय, पण संध्याकाळ झाली की आई पट्टी घेऊन भिंतीपाशी उभी राहते, एवढंच मुलीला दिसतं. मीही पळाले असते.

शेजारचा मुलगा म्हणतो ते पाठांतर. छान आहे, जीभ वळते. पण त्याला मधलाच ठ दाखवून ‘हा कोण?’ विचारलंत तर बहुतेक तो पुन्हा क पासून सुरुवात करेल. (विचारू मात्र नका, शेजार आहे.) आणि घाई कसली? २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाचा टप्पा धरला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टसुद्धा तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं, असं आहे. तुमच्या मुलीला तिसरी संपवायला अजून पाच-सहा वर्षं आहेत.

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आले नाही. बालवाडीत दुसऱ्यांच्या मुलांशी गोड बोलायचे आणि घरी आल्यावर माझ्या थोरल्याला, साडेतीन वर्षांच्या पोराला, पाटीवर अ गिरवायला बसवायचे. त्याने एक दिवस पेन्सिल खाऊन टाकली. अर्धी खाऊन झाल्यावर शांतपणे म्हणाला, ‘आता संपली.’ पहिलीत जाईपर्यंत तो पाटी बघितली की पाणी प्यायला उठत असे.

तर सुरुवात डोळ्यांपासून करू नका, कानापासून करा. अक्षर ही आवाजाची खूण आहे. आवाजच वेगळा ऐकू येत नसेल तर खूण कशाची लक्षात ठेवायची? मटार सोलताना, कणीक मळताना खेळा: ‘पोहे, पाणी, पापड, चमचा. यात कोण वेगळा?’ तीन वर्षांचं मूल पहिले आठ दिवस काहीही सांगेल. सांगू द्या. मग एक दिवस तुम्ही ‘पोळी’ म्हणाल आणि ती तिकडून ओरडेल, ‘पाणी!’ त्या दिवशी तिचं वाचन सुरू झालं असं समजा, घरात एकही अक्षर नसलं तरी. पुढे घरातल्या माणसांच्या नावांच्या भेंड्या लावा.

अक्षरांकडे वळाल तेव्हा तक्त्याच्या क्रमाने जाऊ नका. तो क्रम जीभ, टाळू, ओठ यांच्या हिशोबाने लावलेला आहे. व्याकरणाला तो फार सुंदर आहे, पण मुलाला त्याचा उपयोग नाही. क, ख, ग, घ, ङ शिकलं तर हातात एकही धड शब्द येत नाही. आणि कमळ तुमच्या मुलीने कधी हातात धरलंय? क कणकेचा असू दे, कढईचा असू दे. आपल्याकडे मुलांना ग म भ न पासून शिकवायची जुनी रीत आहे, ती मला अजून पटते. चौघांनाही उजवीकडे काना, वळणं सोपी, आणि लगेच मन, मग, नग असे शब्द होतात. त्यात र मिळवला की गरम, नरम, मगर. आणि तुमच्या घराबाहेरच्या पाटीवरचं ‘नगर’! अर्धं इंदूर ‘नगर’ आहे: सुदामा नगर, लोकमान्य नगर, विजय नगर. रोज संध्याकाळी पट्टीऐवजी मुलीचा हात धरून पाटीपर्यंत जा. तेवढंच.

पेन्सिलही इतक्यात नको, बोटांत जोर नसतो. थाळीत रवा पसरा आणि बोटाने काढा. पूर्वी धूळपाटी असे, तीच ही. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं मुलं बोटाने चाचपतात, आमच्या प्रशिक्षणात ती आम्हीच कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. अक्षर हाताला कळलं की डोळ्याला सोपं जातं. रवा सांडेल. नंतर चाळून उपमा करता येतो.

बाराखडीला अजिबात हात लावू नका. ३४ व्यंजनं गुणिले १२ धरली तरी चारशेच्या वर रूपं होतात. त्यात पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. पहिलीतल्या मुलांनाही हे अडतं. शिवाय ‘न, ग, र’ असं सुटं म्हटल्यावर शेवटचा अ गिळून ‘नगर’ म्हणायचं असतं, हे आपण विसरून गेलेलो असतो. मूल ‘न… ग… र’ म्हणून थांबलं तर चिडू नका, तुम्ही तिघांना भराभर जोडून म्हणा. दहा-वीसदा ऐकलं की तेही म्हणेल.

तक्ते राहू द्यात, भिंतीचे पोपडे झाकतात.

मुलगा अडीच वर्षांचा. मोबाइलवर अक्षरांचं ॲप आहे. त्यात तो सगळी अक्षरं बरोबर दाबतो. पण कागदावर तीच अक्षरं दाखवली तर ओळखत नाही. असं का?
— एक बाबा, विजय नगर

कारण तो अक्षर नव्हे, लाल फुगा दाबतोय. ॲपमध्ये क नेहमी त्याच जागी, त्याच रंगात असतो ना? मुलं हुशार असतात, त्यांना सोपी वाट आधी सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. त्या तासात ॲप आणि कार्टून दोन्ही आलं. मी मोबाइल फेकून द्या म्हणणारी नाही, मला स्वतःला तो सुटत नाही. पण मुलाने ‘हे काय?’ विचारलं तर ॲप उत्तर देत नाही. तुम्ही देता.

माझा मुलगा (पावणेतीन) रोज रात्री तेच एक पुस्तक आणतो. महिना झाला. मला तोंडपाठ आहे, त्यालाही. पुस्तक उलटं धरून ‘वाचतो’. हे वाचन म्हणायचं की नाटक? दुसरी पुस्तकं घेऊ का? इथे मराठी पुस्तकं सहज मिळतही नाहीत.
— एक आई, महालक्ष्मी नगर

वाचन म्हणा! पान उलटलं की गोष्ट पुढे सरकते, चित्राखालच्या काळ्या मुंग्यांमध्ये शब्द आहेत आणि ते शब्द रोज तेच असतात. एवढं सगळं त्याला कळलेलं आहे. पुस्तक उलटं आहे, ते होईल सुलटं.

कंटाळा तुम्हाला आलाय, त्याला नाही. तेव्हा तुमच्यासाठी थोडा खेळ करा. ओळीच्या शेवटचा शब्द गाळा आणि थांबा, तो भरेल. मुद्दाम चुकीचा शब्द घाला, तो रागावेल. अधूनमधून विचारा, ‘हा का रडतोय?’ ‘हे काय आहे?’ पेक्षा ‘का’ बरा, कारण त्याला वाक्य लागतं. शब्दाखालून बोट फिरवा, पण रोज नको, नाहीतर त्याचा धडा होईल.

पुस्तकांचं म्हणाल तर पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाकडून साडीऐवजी दोन पुस्तकं मागवा. (मी मागवते. आता येणं कमी झालंय.) आणि घरी एक करा. दहा कोरे कागद, मधून दोऱ्याची शिलाई. एका पानावर राजवाड्यासमोर काढलेला त्याचा फोटो, खाली एकच ओळ: ‘मी राजवाड्यावर गेलो.’ पुढच्या पानावर पोहे-जलेबी. तिसऱ्यावर आजोबा झोपलेले. माझ्या बालवाडीत अशा वह्या सगळ्यांत आधी फाटायच्या. कपाटातली गुळगुळीत कागदाची पुस्तकं मात्र वर्षानुवर्षं नवीच राहिली.

मुलगा २६ महिन्यांचा, सुटे शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही. सासूबाई म्हणतात मुलगे उशिरा बोलतात. मैत्रीण म्हणते घरात दोन भाषा आहेत म्हणून. त्याला पुस्तकं वाचून दाखवून फरक पडेल का?
— एक आई, स्कीम नंबर ५४

वाचून दाखवा, पण याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कान तपासून घ्या. दोन वर्षांच्या आसपास ‘दूध दे’, ‘बाबा गेले’ अशी जोडणी यायला हवी. कानात पाणी साठलं असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर ते घरी कळत नाही. भांड्याच्या आवाजाला मूल वळतं आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. सासूबाईंचे मुलगे उशिरा बोलले असतील, त्यांना वाईट वाटू देऊ नका. तपासणीला त्यांनाही घेऊन जा.

नातू साडेतीन वर्षांचा. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्रजी. ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणतो. मी मराठी अक्षरं शिकवावी म्हणतो, सून म्हणते हिंदीची तीच आहेत, शाळेत येतीलच. कोण बरोबर?
— एक आजोबा, लोकमान्य नगर

बारा आणे सून बरोबर. चार आणे तुमचे.

‘डोला’ची काळजी नको. ळ अवघड आहे, साडेतीन वर्षांची पुण्यातली मुलंही पोळीला पोली म्हणतात. पण पुण्यातल्या मुलाला दिवसभर ळ ऐकू येतो. इथे गल्लीत पाऊल टाकलं की ळ संपला, हिंदीच्या तक्त्यात तो नाहीच. म्हणून त्याला म्हणायला लावू नका, ऐकवा. केळं, भोपळा, आवळा, सगळे बाजारातून घरी आणा. माझ्या नातीने आवळा चाखला त्या दिवशी तोंड वाकडं केलं, त्यातच ळ निघाला.

दुसरं, च आणि ज. चार आणि चाक, जेवण आणि जाड, मोठ्याने म्हणून बघा. अक्षर एक, आवाज दोन. हिंदीतून शिकलेलं मूल ‘चाक’ वाचताना ‘चार’मधला च लावतं आणि आपण हसतो. हसू नका. तिसरं, ल. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत ल पाकळीचा असतो, मध्ये दांडी आणि दोन्हीकडे पाकळ्या. शासनाने २००९ मध्ये तोच प्रमाण ठरवला. इथल्या पाट्यांवर ल ला उजवीकडे सरळ काना असतो. दोन्ही एकाच कागदावर काढून दाखवा आणि सांगा, हा लाडूचा आणि हाही लाडूचाच. मुलांना असलं चालतं, आपल्यालाच चालत नाही.

माझी नात चार वर्षांची. ग म भ न येतं, वेलांटी येत नाही. सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली की बादली घेऊन माझ्याआधी फाटकाशी. मी रोज म्हणायचे, ‘हा ओला, इथे टाक.’ एक दिवस ती बादली धरून तशीच उभी राहिली. गाडीवरच्या अक्षरांकडे बघत म्हणाली, ‘आजी, इथे ओ नाहीये. ग आहे.’ गाडीवाला हॉर्न वाजवतोय, मागे दोन स्कूटर अडकलेल्या, आणि मी रस्त्यात तिला सांगतेय की हिंदीत ओल्याला गीला म्हणतात. तिने ऐकून घेतलं. घरात येऊन विचारलं, ‘मग ओला कुठे लिहिलंय?’

कुठेच नव्हतं. मार्करने स्वयंपाकघरातल्या हिरव्या बादलीवर मी ‘ओला’ लिहिलं. निळीवर ‘सुका’ तिलाच लिहायचं होतं. स चा काना डावीकडे गेलाय, उकार मावला नाही म्हणून झाकणावर काढलाय.