वाळवंटात झाडं लावून ते हिरवं करता येतं का?

सहारासारख्या खऱ्या वाळवंटात नाही, आणि त्याची गरजही नाही. तिथलीही स्वतःची जीवसृष्टी आहे. पण वाळवंटाच्या कडेची, तोड आणि चराईने उजाड झालेली जमीन पुन्हा हिरवी होऊ शकते. तीही बऱ्याचदा एकही रोप न लावता.

सहाराच्या कडेच्या, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं उदाहरण बघा. टोनी रिनाडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथल्या मराडी भागात रोपं लावत होते आणि बहुतेक मरत होती. १९८३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की शेतातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांच्या खुंटांना आलेले धुमारे आहेत. मुळं जिवंतच होती! मग पद्धत ठरली: खुंटावरचे दोन-चार सरळ धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, गुरांपासून जपायचं. पुढे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली. माझ्या मते खरी मेख मालकीत होती. आधी झाड सरकारचं असायचं, मग शेतकरी ते कशाला वाढवेल? झाडाचा फायदा त्याला मिळू लागल्यावर काम पसरलं.

शेजारच्या बुर्किना फासोत याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने 'झाई' ही जुनी रीत सुधारली. उन्हाळ्यात कडक जमिनीत छोटे खड्डे घेऊन त्यात शेणखत टाकायचं. खतामुळे वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पावसाचं पाणी आत मुरतं. ज्वारी-बाजरीसोबत झाडंही उगवतात.

आपल्याकडे मात्र अजून रोपं किती लावली याचेच आकडे छापून येतात.