खाडीतला गाळ काढण्याआधी

जेटीसाठी गाळ काढायचा असेल तर ड्रेजर (गाळ उपसणारं यंत्र) ठरवण्याआधी नकाशा करून घ्या. भरती-ओहोटीच्या रेषा दाखवणारा, 1:4000 प्रमाणाचा, केंद्राची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच. महाराष्ट्रात 2018च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार कांदळवनाभोवती (खारफुटीच्या झाडांभोवती) 50 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, जमीन कुणाचीही असो.

मात्र खरी गोची होते गाळ टाकायच्या जागेवरून. परवानगीच्या अर्जात ती जागा आणि गाळ किती घनमीटर ते स्पष्ट लिहा. तपासणीसाठी गाळाचा नमुना वरवरचा खरवडू नका. जेवढं खोल खणणार तेवढी नळी खाली घाला. कारखान्यांजवळच्या खाडीत जुने जड धातू खालच्या काळ्या थरात दडलेले असतात. आणि गाळ कांदळवनात मुळीच लोटू नका! चिखलातून वर आलेली बोटभर श्वासमुळं बुजली की झाड गुदमरून मरतं.